ॲबर्डीनचं कपाट, मुक्काम दम्माम

‘लायब्ररीत तुम्ही दिवसभर करता तरी काय हो?’ हा प्रश्न मला दम्माममध्ये इतक्या जणांनी विचारलाय की, त्यातल्या निम्म्यांनी जरी वाचायला पुस्तक मागितलं असतं, तरी पुढचं रामायण घडलं नसतं. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. विचारणाऱ्याला समोर बसवते, चहा देते आणि सगळं ऐकवते. आज तुम्ही सापडलात.

मी मूळची सोलापूरची. तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. ग्रंथालयशास्त्र शिकले, गावातल्याच एका कॉलेजात पुस्तकांवर दाखल नंबर टाकत होते. लग्न झालं, आणि आमचे हे तेलविहिरी खोदून देणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये लागले, म्हणून त्यांच्यामागून दम्मामला आले. कंपनीची स्वतःची वसाहत आहे. चारी बाजूंनी उंच भिंत, आत घरं, पोहायचा तलाव, एक बकाला म्हणजे किराणा दुकान आणि एक लायब्ररी. लायब्ररीची बाई सोडून चालली होती, माझ्याकडे पदवी होती, परवानगीचे कागद कंपनीनं केले आणि मी त्या खुर्चीत बसले. उठले ती परवापरवा. कशी उठले तेच सांगायचंय.

त्या लायब्ररीत खिडकीच्या बाजूला एक कपाट होतं. त्यात फक्त एका शहराची पुस्तकं. रियाध नाही, लंडन नाही. ॲबर्डीन! स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, करड्या ग्रॅनाइटनं बांधलेलं शहर. तिथे आधी मासळीचा धंदा होता, मग समुद्रात तेल लागलं. त्यामुळे जगात कुठेही विहीर खोदायची असली की तिथली माणसं हजर असतात. आमच्या वसाहतीतही होती. येताना एखादं पुस्तक आणायची आणि जाताना सामान जड झालं की माझ्या टेबलावर ठेवून जायची. गल्ल्यांची नावं कशी पडली, खाणीतून दगड कसा काढला, कोणत्या बोटी कुठे बांधल्या, असली पुस्तकं. काही झकास बांधणीची, काही शाळामास्तरांनी पदरचे पैसे घालून छापलेली, चार पानी चोपडी म्हणावीत अशी.

कपाट लावलं ते मॉरीननं. ही माझ्याहून बरीच मोठी, एका ड्रिलिंग इंजिनिअरची बायको. रोज सकाळी यायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि मला विषयवार मांडणी सांगायची. एकदा तिला दिसलं की, एका पुस्तकाच्या समासात तीन वेगवेगळ्या अक्षरांत भांडण चाललंय. छापलेलं वाक्य साधंच होतं, अमुक कोपऱ्यावर अमुक दारूचा गुत्ता होता. त्याच्या शेजारी एकानं लिहिलं, ‘साफ चूक. समोरच्या बाजूला.’ त्याखाली दुसऱ्यानं, ‘तू प्यायलेला असशील.’ आणि तिसऱ्यानं दोघांच्या आईबापांचा उद्धार केलेला. मॉरीन आधी खो खो हसली आणि मग भडकली. म्हणाली, ‘आता यातलं एकही पुस्तक या खोलीबाहेर जायचं नाही. इथे बसून वाचा. ही पुन्हा मिळणारी पुस्तकं नाहीत.’

मला पटलं. सगळ्या लायब्ऱ्यांत असा एक विभाग असतोच. संदर्भग्रंथ. कण्यावर लाल चिकटपट्टी, म्हणजे घरी न्यायचं नाही. टेबलावर बसून वाचायचं आणि वाचून झालं की टेबलावरच सोडायचं, परत कपाटात खुपसायचं नाही. संध्याकाळी टेबलावर काय पडलंय त्यावरून आम्हाला कळतं, आज काय वाचलं गेलं. ही आमच्या धंद्यातली अगदी पहिलीतली गोष्ट आहे. ती एवढी उगाळून सांगतेय त्याला कारण आहे.

एखाद्या गावच्या इतिहासाची पुस्तकं वाचणारा माणूस वेगळाच असतो बरं का. तो पहिल्या पानापासून वाचत नाही. शेवटची सूची उघडतो आणि आपलं आडनाव शोधतो. मग आपली गल्ली. मग शेजाऱ्याची चूक. उन्हातान्हात रिगवरून उतरलेले, हाताला तेलाचा वास असलेले बाप्ये सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचे आणि आपली शाळा फोटोत दिसली की नाक ओढायला लागायचे. एकाला मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला होता. तो म्हणाला, ‘सर्दी झालीय.’ मी म्हटलं, ‘हो, दम्माममध्ये या दिवसांत होते.’ बाहेर पत्रे तापून तडतडत होते.

आणि फैसल. हा सौदी, नुकता इंजिनिअर झालेला. कंपनी त्याला पुढे शिकायला ॲबर्डीनला पाठवणार होती. लायब्ररीत आला तो घाबरून. ‘उख्ती, तिथे लोक बोलतात ते इंग्रजी कुणालाच कळत नाही म्हणतात. मी काय करू?’ उख्ती म्हणजे ताई. मी म्हटलं, ‘आधी गाव तर कळू दे, बस इथे.’ मीही कधी गेले नव्हते. आजही गेलेले नाही. आम्ही दोघांनी मिळून ते शहर वाचून काढलं. त्या गावाचा मुख्य रस्ता कमानींवर उचललेला आहे आणि जुन्या गल्ल्या त्याच्या पोटाखाली आहेत. बंदराच्या तोंडाशी कोळ्यांची बैठी घरं आहेत, ती सगळी समुद्राकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करून बसलीत, कारण वारा! फैसलला ते फार पटलं. म्हणाला, ‘आमच्याकडेही घर आतच उघडतं.’ तो गेला, शिकला, परत आला आणि येताना माझ्या कपाटासाठी दोन पुस्तकं घेऊन आला. सांगा आता, लायब्ररीत मी काय करत होते?

मॉरीनची गोष्ट राहिली. बंदराच्या दक्षिणेला टोरी नावाची वस्ती, तिथली ती. जुन्या टोरीतली मच्छीमारांची घरं तेलाच्या बोटींसाठी जागा हवी म्हणून पाडली. त्यात तिच्या आईचंही घर गेलं. ‘आमच्या स्वयंपाकघराच्या जागी आता टाक्या उभ्या आहेत,’ ती सांगायची. ‘विहीर खोदताना लागतो त्या चिखलाच्या टाक्या. आणि माझा नवरा आयुष्यभर चिखलाचाच इंजिनिअर.’ हे सांगताना ती हसायची, पण हसू खरं नव्हतं.

टोरीवरची एक पातळ पुस्तिका कपाटात होती. वस्ती पाडायच्या आधी तिथल्या एका मास्तरांनी दारोदार फिरून फोटो काढले आणि छापले. त्यातल्या मधल्या पानावर मॉरीनची आई होती. दारातल्या पायरीवर बसलेली, मांडीवर परडी, शिंपल्यातलं मांस काढून गळाला लावतेय. नवरे पहाटे बोटीवर जायचे, गळ बायका भरून द्यायच्या. आईचा तिच्याकडे असलेला हा एकुलता एक फोटो. पुस्तिकेच्या तिच्याकडे दोन प्रती होत्या. कायमची घरी परतताना एक तिनं नेली आणि दुसरी कपाटात ठेवली. ‘एक तिथे, एक इथे. दोन्हीकडे एकदम काही होणार नाही,’ म्हणाली.

पुढे आमच्याकडे प्रसन्न आला. सुविधा विभागाचा नवा मॅनेजर, आपला, पुण्याचा. मला बाई आनंद झाला होता! गणपतीला उकडीचे मोदक दिले मी त्याला. ऑफिसात ‘मॅडम’, एरवी ‘काकू’. एक दिवस लॅपटॉप घेऊन आला.

‘काकू, डेटा बघा. पाच वर्षांत इश्यू न झालेली पुस्तकं आपण काढून टाकतोय. इथे लाउंज होणारे. आणि हे तुमचं खिडकीचं कपाट, याचा इश्यू किती माहितीये? झिरो. झिरो, काकू!’

‘अरे बाळा, झिरोच असणार. ती घरी द्यायचीच नसतात. लाल पट्टी बघ.’

‘मग ठेवायची कशाला?’

कपाळावर हात मारला मी. पण शांतपणे सांगितलं. संदर्भग्रंथ म्हणजे काय, टेबल म्हणजे काय, संध्याकाळी मी रोज काय उचलते. देवळातली मूर्ती कुणी घरी नेत नाही, म्हणून देवळात कुणी येत नाही असं म्हणशील का, असंही विचारलं. त्यानं मान हलवली, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, ‘नोटेड, काकू. नोटेड.’

मला वाटलं, संपलं. नोटेड म्हणाला ना पोरगा!

मी भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेले. तिथे हळदीच्या दिवशी मॉरीनचा मेसेज आला. घरात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता, पुस्तकांच्या खोलीत पाणीच पाणी. टोरीच्या पुस्तिकेचा लगदा झाला होता. ‘तुझ्याकडची प्रत बरी आहे ना? मधल्या पानाचा फोटो पाठवशील? घाई नाही. पण मी वाट बघते.’ मी लगेच उत्तर दिलं, रविवारी, म्हणजे दम्माममधल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, कामावर हजर होतेय, सकाळी पहिलं काम तेच.

रविवारी सकाळी किल्ली लावली तर ती फिरेना. कुलूप बदललेलं. काचेतून बघितलं तर आत सुतार. माझं टेबल नाही, कपाटं नाहीत, भिंतीवर ओला बिस्किटी रंग. तशीच प्रसन्नच्या केबिनमध्ये गेले.

‘पुस्तकं कुठायत?’

‘काकू, या ना, बसा. लग्न कसं झालं?’

‘लग्न गेलं खड्ड्यात! पुस्तकं कुठायत?’

‘काही मुलांची पुस्तकं शाळेला दिली. बाकी सगळी कंपनीच्या गोदामात पाठवली, अल सुलैला. स्क्रॅपच्या लॉटमध्ये जातील. तुम्ही सुट्टीवर होतात, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हटलं.’

‘मी सांगितलं होतं तुला! तू नोटेड म्हणाला होतास!’

‘हो, नोट केलं होतं ना,’ तो अगदी निरागसपणे म्हणाला. ‘ॲप्रूव्ह नव्हतं केलं.’

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायांनो आणि बाबांनो, मी अनाडी माणसावर चिडत नाही. पण जो ऐकतो, मान डोलावतो, नोटेड म्हणतो आणि आपल्याला हवं तेच करतो, त्या शिकलेल्या माणसाचं काय करायचं? बरं, वाईट माणूसही नाही. मोदकाचा डबा घासून परत करणारा आहे. फक्त समोरचं माणूस काही सांगतंय म्हणजे त्यात काही असेल, एवढंच त्याच्या डोक्यात शिरत नाही.

अल सुलै म्हणजे रियाधच्या आग्नेयेची बाजू. गोदामं, पत्र्याच्या शेड, ट्रकांचे अड्डे. आमचे हे म्हणाले, ‘अगं, चारशे किलोमीटर! पुस्तकांसाठी?’ मी म्हटलं, ‘पुस्तकांसाठी नाही, मॉरीनच्या आईसाठी.’ त्यांनी रेल्वेचं तिकीट काढून दिलं. गोदामाचे हनीफभाई यांच्या ओळखीचे, हर्णैचे. ते स्टेशनवर गाडी घेऊन आले.

‘बाय, तुमी उन्हात नका उभ्या राहू,’ म्हणत त्यांनी मला पंख्याखाली बसवलं आणि पोरांकडून एकेक खोका उघडवला. विश्वकोश निघाले. कादंबऱ्या निघाल्या, त्यांच्यावर माझेच नंबर, माझंच अक्षर. शेवटचा खोका रिकामा झाला, पण लाल पट्टीचं एकही पुस्तक त्यात नव्हतं.

‘तुमचा तो ॲबर्डीन ह्यात नाय,’ हनीफभाई म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच माल आणणाऱ्या ड्रायव्हरला फोन लावला. हिंदीत बोलणं झालं. फोन ठेवून म्हणाले, ‘बाय, माल भरायच्या आधी लाउंज सजवणारा कॉन्ट्रॅक्टर आलावता. जुन्या, चांगल्या पुठ्ठ्याचं बघून खिडकीजवळचं अख्खं कपाट उचललीन त्यानं. म्हंजे पुस्तकं तुमच्याच कंपाउंडात हायत. तुमी फुकट एवढ्या लांब आलांव.’

जेवल्याशिवाय मात्र त्यांनी सोडलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर नुसती वाळू, आणि मी मनातल्या मनात भाषण रचत होते.

लाउंजचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. मला निमंत्रण नव्हतं. मी गेले. खजूर, गहवा म्हणजे अरबी कॉफी, सूट घातलेली मंडळी. फैसलही होता. आणि भिंतीवर, माणसाच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर, एक लांब फळी. फळीवर पुस्तकं. सगळी उलटी! म्हणजे कणा भिंतीकडे आणि पानांची कड आपल्याकडे. नाव नाही, नंबर नाही, लाल पट्टी नाही. नुसता पिवळट कागद, भिंतीच्या बिस्किटी रंगाला जुळणारा.

‘छान वाटतंय ना, काकू?’ प्रसन्न शेजारी येऊन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं. ‘कणे कसे रंगीबेरंगी दिसत होते, म्हणून डिझायनरनं फिरवले. तुमची पुस्तकं वाचली की नाही?’

मी ते भाषण विसरले. फैसलला म्हटलं, ‘खुर्ची धर.’ त्यानं लगेच खुर्ची आणली आणि दोन्ही हातांनी धरली. साडीचा पदर खोचला आणि चढले.

‘काकू, प्लीज, सीन करू नका,’ प्रसन्न खालून कुजबुजला.

‘सीन?’ आवाज चढला माझा आणि चढू दिला मी. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले, अडखळत का होईना. ‘या पुस्तकांत एक अख्खं गाव आहे. तुमच्यातले कितीतरी जण तिथे शिकलेत, कितीतरी जण तिथून आलेत. तिथल्या घरांनी समुद्राकडे पाठ केली ती वाऱ्यासाठी. यांनी तुमच्याकडे पाठ का केलीय? एसीच्या वाऱ्यासाठी?’ एक म्हातारा स्कॉट गहव्याचा पेला खाली ठेवून पुढे आला.

मी पहिलं पुस्तक ओढलं. निघेना. जोर लावला तर शेजारची दोन सोबत आली. पडू नयेत म्हणून पठ्ठ्यांनी पुठ्ठ्याला पुठ्ठा गोंदानं चिकटवला होता! खाणीवरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ माझ्या हातात टरकन फाटलं. रडू फुटलं मला, संतापानं. पुस्तक जाळणारा निदान त्यातल्या मजकुराला घाबरतो तरी. यांनी त्याचा कागदी दगड करून ठेवला.

रडत रडतच मी शेवटपर्यंत चाचपत गेले. रांग घट्ट बसावी म्हणून टोकाला भिंत आणि शेवटचं पुस्तक यांच्या फटीत काहीतरी पातळ दुमडून खुपसलं होतं. बोटांनी ओढलं. टोरीची पुस्तिका. पातळ, म्हणून तिला गोंदही लावला नव्हता. उघडली. मधलं पान दुमडलेलं होतं, पण फाटलं नव्हतं. पायरीवर बसलेली आई, मांडीवर परडी.

खाली उतरले. प्रसन्न म्हणाला, ‘काकू, ती कंपनीची प्रॉपर्टी आहे.’ आमचा सौदी मुख्य अधिकारी इतका वेळ मागे उभा होता. त्यानं फैसलला अरबीत काहीतरी विचारलं, फैसलनं बराच वेळ सांगितलं. मग तो मुख्य एवढंच म्हणाला, ‘बाईंना हवी ती नेऊ द्या. खलास.’ जेवढी सुटली तेवढी पुस्तकं फैसलनं आपल्या गाडीत घातली. ती आता माझ्या दिवाणखान्यात आहेत. कणे बाहेर करून. सुट्टीच्या दिवशी स्कॉट मंडळी येतात, सूची उघडतात आणि माझ्या टेबलावर पुस्तकं सोडून जातात. चिकटलेली मात्र चिकटलीच. ती अजून त्या फळीवर भिंतीकडे तोंड करून आहेत, आणि लोक त्यांच्याखाली बसून कॉफी पितात.

राजीनामा मी त्याच रात्री लिहिला. पण माझं लॉगिन बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. म्हणून तो पाठवायच्या आधी मी धंद्याला शोभेल असं एक काम केलं. टोरीच्या पुस्तिकेपुढचा ‘संदर्भ’ हा शेरा काढला आणि मॉरीनच्या नावावर ती रीतसर इश्यू केली. तिचं जुनं सभासदत्व कुणी पुसलेलं नव्हतं. ॲबर्डीनच्या कपाटातून इश्यू झालेलं ते पहिलं आणि शेवटचं पुस्तक. त्याच महिन्यात फैसलला कामासाठी तिकडे जायचं होतं, त्यानं ती कोटाच्या आतल्या खिशातून नेली. मॉरीनचा फोन आला. म्हणाली, ‘ती पायरी दिसतेय बघ. आई रोज घासायची.’

मुदत संपली तरी पुस्तक परत आलं नाही की आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी मॅनेजरला आठवण पाठवतो. ती सोय मीच बसवून घेतली होती. परवा प्रसन्नचा फोन आला, अगदी रडकुंडीला आलेला.

‘काकू, तुमच्या त्या टोरीच्या पुस्तकाचा मेल रोज येतोय. परत आलं नाही, परत आलं नाही. बंद कसा करायचा तो? प्लीज, काहीतरी करा ना.’

मी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘नोटेड.’